कढई चोरीला गेली आणि जावयाला चहा मिळाला

ती. सौ. विमलताईस,
बोरी अरबहून धाकट्या मारोतचा वाकून नमस्कार.

तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या मुकुटबनची लाइट, तिन्ही बरी असतील असं धरून चालतो. बबिता कशी आहे? अजून आरामच चाललाय ना? (दिवाळीला एका पिशवीनिशी आली होती, आता होळी आली. असो, माहेरचा आराम पोरींना मानवतो.) संजयराव जावयांशी बोलणं झालंच तर आमचा नमस्कार सांग. हे सगळं फोनवरच बोललो असतो, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि भाऊजी पलीकडून खाकरतात. म्हणून पत्र. पाकीट डिंकानं पक्कं चिकटवलंय. उचकटलेलं दिसलं तर कोणाच्या हातून आलं ते आधी बघून ठेव.

तुझी समीक्षा पुण्याहून सुट्टीला आमच्याकडे यायची होती तेव्हा तू माझ्यावर कामगिरी सोपवलीस, की ही पोरगी एकामागून एक स्थळं का नाकारते, मनात कोणी बसलाय का, त्याचा छडा लाव. मामा म्हणून मी लगेच कामाला लागलो. आल्या दिवशीच तिच्या बॅगेत (बॅग उघडीच होती, म्हणजे चेन अर्धी उघडी होती) मला पुरुषाचा नवा शर्ट दिसला. मी तुझ्या भावजयीला, वच्छलाला, खूण केली, कॉलरवरचं माप पाठ केलं, आणि या मापाचा माणूस पुण्यात कोण असेल यावर दुपारभर विचार केला. संध्याकाळी तिनं तो शर्ट मलाच दिला. बरोबर बसला. तरी माझा संशय गेला नाही, कारण पोटात काही असल्याशिवाय आजकाल मामाला शर्ट कोण आणतं?

मग तिनं एक डबी काढली. आत फासे, त्यातल्या एकाला तर वीस तोंडं. मी म्हटलं, झालं, पोरगी जुगाराला लागली. पण जुगार नव्हता. पुण्याला तिच्या ऑफिसातली मंडळी सुट्टीच्या दिवशी हा खेळ खेळतात म्हणे. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणायचं. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचं आणि त्या गोष्टीत आपण काय करू ते बोलून दाखवायचं. केलेलं काम जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. गोष्टीत एक गुन्हा असतो आणि तो खेळणाऱ्यांनी शोधायचा. मी मनात म्हटलं, बरं आहे. ही आपल्याला चोर शोधायला लावेल आणि तेवढ्यात मी हिला शोधीन.

रविवारी जेवणं झाल्यावर ओसरीत आम्ही तिघं बसलो. मी, वच्छला आणि शेजारचे भगवानराव. (सोसायटीच्या निवडणुकीत पडल्यापासून ते सगळ्या गावावर संशय घेतात, त्यामुळे या खेळाला फार लायक माणूस.) मी फौजदार झालो, भगवानराव निवृत्त न्यायाधीश. वच्छला म्हणाली, "मले वच्छलाच राहू दे. घरचं सोडून दुसरं सोंग मले जमत नाही." समीक्षानं तेही मान्य केलं. गुन्हा असा, की भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी देवळातली मोठी कढई गायब. अख्ख्या गावाची भाजी जिच्यात होते ती. उद्या गाव उपाशी बसणार, तर चोर शोधा.

तिनं आधीच बजावलं होतं, की गेम मास्टरनं एकाच पुराव्यावर विसंबायचं नसतं. खेळणारे एक बघतच नाहीत, दुसऱ्याचा भलताच अर्थ काढतात, म्हणून भरपूर पेरून ठेवावे लागतात. तिनं हात सैल सोडून पेरले होते. देवळापासून सरपंचाच्या दारापर्यंत काहीतरी ओढत नेल्याची रेघ. सरपंचाकडे जावई आलेले, त्यांच्या पांढऱ्या पँटीला काजळी. जावयांच्या पिकअपमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी मोठं, गोल. आणि त्याच आठवड्यात जावयांनी हायवेवर नवा ढाबा उघडलेला.

आता तपास ऐक. वच्छलानं पहिला मांडववाला धरला. त्याला किती एकर, ओलिताची किती, भाऊ किती, पितो का, इतकं सगळं विचारून घेतलं. कढईचं तेवढं राहिलं. त्याचा धाकटा भाऊ बिनलग्नाचा निघाला, तर ती माझ्या कानात म्हणते की समीक्षासाठी वाईट नाही. (तो भाऊ समीक्षानंच तिथल्या तिथे तयार केला होता, हे मी तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, तरी पत्ता विचारून घ्या.) भगवानरावांनी पुजाऱ्यावर संशय घेतला, मग सरपंचावर, मग ग्रामपंचायतीच्या नाल्यांच्या कामावर. मी एका मुक्या गुराख्याची दोनदा उलटतपासणी केली. आणि जावई? जावयांच्या पँटीची काजळी पाहून वच्छलानं लिंबू-मिठाचा उपाय सांगितला. ताडपत्री उचलायची गोष्ट निघाली तेव्हा पाहुण्याच्या सामानाला हात लावायचा नाही असा भगवानरावांनी निकाल दिला. ढाब्याबद्दल मी, फौजदारानं, त्यांचं अभिनंदन केलं. ते समोर आले की आम्ही सरपंचीणबाईंना चहा टाकायला लावायचो. समीक्षा जावयांच्या आवाजात स्वतःहून कढईचा विषय काढून थकली. आम्ही जास्तीची साखर घातली.

शेवटी गाव उपाशी राहिलं. समीक्षानं फासे डबीत भरले आणि विचारलं, "मामा, तुम्ही मांडववाल्याले विचारलं, पुजाऱ्याले विचारलं, मुक्या माणसालेबी दोनदा विचारलं. जावयाले काहून नाही विचारलं?"

वच्छला म्हणाली, "काय बोलतं पोरी, जावई हाय तो. जावयाले कोण विचारते?"

"तेच तं, मामी. आपल्या घरात जावयाले कोणीच विचारत नाही. मंग मी लगन कोणाच्या भरवशावर करू?"

भगवानरावांनी त्या दिवशी पहिल्यांदाच कोणावर संशय घेतला नाही. ते चप्पल घालून गुपचूप निघून गेले. मी नव्या शर्टाच्या गुंड्या चाचपत बसलो. ताई, मला फार लाज वाटली. एका पिशवीनिशी आलेली बबिता आपण सगळ्यांनी पाहिली. इतक्या महिन्यांत संजयराव एकदाही आले नाहीत. संक्रांतीला मी तुमच्याकडे आलो होतो तेव्हा फोन वाजला की ती दचकायची, आणि मी तिला रिंगटोन बदलायला सांगितलं. माझं फौजदारीतलं डोकं हे असं.

तेव्हा तू दिलेल्या कामगिरीचा निकाल कळवतो. पुण्याला कोणी नाही. पोरीच्या मनात कोणी बसलेलं नाही; तिच्या मनात तिची बहीण बसली आहे. बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा संशयी भाऊ,
मारोत

ता. क. सोबत तूरडाळीचं पोतं पाठवतोय. शिवण उसवलेली दिसली तर वाटेतल्या कोणावर आळ घेऊ नकोस, ती माझ्याच हातची आहे.

ता. क. डाळ हे निमित्त. खरं काम हे, की आज भाऊजींना कुठेतरी बाहेर पाठव आणि बबिताजवळ बसून तिला विचार. ती "काही नाही" म्हणेल. खेळात कोणी "काही नाही" म्हटलं की आम्ही उठून पुढच्या घरी जायचो. तू उठू नकोस.

ता. क. बबिताची हरकत नसेल तर मी तिच्या सासरी पांढरकवड्याला जाऊन संजयरावांना विचारणार आहे. त्यांना आधी कळवू नकोस. कळवलंस तर पोहे होतील, आणि पोहे खाल्ल्यावर मला काही विचारवत नाही. वच्छलाही बरोबर येते म्हणते. तिथे चहाला हात लावणार नाही, असं तिनं आपणहून सांगितलं. आमच्या लग्नापासून तिनं कोणाच्या घरचा चहा नाकारलेला मी पाहिलेला नाही.