मी सुधारलेलं पत्र

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे, काळजी करू नकोस. धुलाईघरात मला इस्त्रीच्या टेबलावरून उठवून ऑफिसात बसवलंय. खुर्ची आहे, पंखा आहे. इतकी वर्षं मिळेल ते वाचत आले, त्याचं चीज झालं म्हणायचं. तुझे भावोजी असते तर म्हणाले असते, "वाचून वाचून बाईसाहेब झालीस."

आईचे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

पहिलंच काम आलं ते साहेबांनी खरडलेलं एक पत्र नीट लिहून काढायचं. माझ्या शेजारच्या इस्त्रीच्या टेबलावरच्या म्हातारीला कामावरून काढल्याचं पत्र. मला इस्त्री धरायला तिनेच शिकवलं. हे गेले तेव्हा महिनाभर तिने मला आपल्या डब्यातलं भरवलं.

मी नाही म्हणायला हवं होतं. त्याऐवजी शुद्धलेखन तपासत बसले. 'हात कापतात' खोडून 'कार्यक्षमता उरलेली नाही' असं घातलं. खरं सांगते, वाक्य जमल्याचा मला आनंद झाला.

तिला वाचता येत नाही. पत्र घेऊन ती माझ्याकडेच आली. "वाच गं बाई, तुला येतं." मी कुठेही न अडखळता वाचलं.

ती म्हणाली, "म्हणजे काढलं मला. पण लिहिलंय किती छान. कोणी लिहिलं?"

"साहेबांनी," मी म्हणाले.

जाताना तिने त्या कापऱ्या हातांनी माझी चुरगळलेली बाही सरळ केली. म्हणाली, "ऑफिसात बसतेस आता, नीटनेटकी राहत जा."

आईला फक्त खुर्चीचं सांग.

तुझी ताई