सोनम आता मराठीत बोलते

जाम, रविवार

भागाबाई, तुले आन् भाऊजीले कुंदनचा जय सेवा.

तुमची सोनम माझ्याकडं मजेत आहे, रोज कॉलेजले जाते. भाऊजीचा गुडघा कसा आहे?

फोनवर सांगायची हिंमत झाली नाई, म्हणून लिहितो.

आपण लहानपणी जत्रेत चारदा पाहिला, तो सिनेमा मी हॉटेलात लावत असतो. पिसं खोचलेले जंगलातले लोक ओरडत हिरोले बांधतात, तिथं मी गोंड आहे हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक हमखास विचारते, "कुंदनभाऊ, तुमचे लोक काय म्हणून राह्यले?"

ती कोणाचीच भाषा नाई, हे माझ्या कानाले कधीच कळलं होतं. तरी मी सांगायचो, "म्हणतात, याले कुंदनचे भजे चारा, मंग कापा!" सारे हसायचे. भजेही खपायचे.

काल सोनमनं ते ऐकलं. "मामा, आपण असे आहोत का?"

"अवं, सिनेमा आहे तो. गंमत!"

मंग ती सगळ्यांसमोर गोंडीत म्हणाली, "ही माझ्या आईची भाषा आहे. आता हिचाही अर्थ सांगा."

तिचं बोलणं संपायच्या आधीच लोक हसले, आन् गमतीच्या आशेनं माझ्याकडे पाहू लागले. मी टीव्ही बंद केला. पण खरा अर्थ काही तोंडातून निघाला नाई.

ती जेवते, भांडत नाई. पण घरात आपण गोंडीच बोलतो ना? कालपासून ती माझ्याशी फक्त मराठीत बोलून राह्यली.

शनिवारी ती गावी येईल. तुझ्याशी तरी गोंडीत बोलली का, तेवढं मले कळवजो.

तुझा लहाना,
कुंदन