सुभेदारांचा गुडघा वर्गाच्या पडद्यावर

८ जुलै, सकाळी ६
गुडघा ठणकतोय. डॉक्टर म्हणतात बदला. बायकोला, रंगुबाईला सांगितलं, लष्कराच्या सिग्नल कोअरमधला रिटायर्ड सुभेदार ऑपरेशनला भितो होय? उसाची लागण उरकली की बघू. कारण उत्तम आहे.

दुपारी
सूनबाई अंकिताच्या लॅपटॉपवर पेन्शनचा मेल पाहिला. काम झाल्यावर खिडकी बंद केली. शिस्त म्हणजे शिस्त.

१० जुलै
माझ्या मोबाइलवर थोडी माहिती काढली. 'गुडघा बदलताना माणूस मधेच जागा होतो का?' निव्वळ कुतूहल. मग 'ऑपरेशनची भीती कशी घालवावी?' हे एका मित्रासाठी. मोबाइलला पासवर्ड आहे. तीस वर्षं वायरलेसची गुपितं सांभाळलीत, हे काय!

११ जुलै
शाळा सुटल्यावर चौथीची पोरं दारावरनं ओरडत गेली, "सुभेदार आजोबा, भिऊ नगा!" सैनिकांबद्दल आदर वाढतोय गावात.

१२ जुलै
रंगुबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, भूल दिल्याव मधनं कुणी उठत न्हाई." मी विचारलं नव्हतं. हेरगिरी! मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. आता निश्चिंत.

संध्याकाळी
फोटो काळे येताहेत. चालेल.

१५ जुलै
अंकिता शाळेवर चौथीला शिकवते. तिनं खाली मान घालून सांगितलं. मी मेल उघडला तेव्हा ब्राउझरनंही आपणहून माझ्या नावानं साइन-इन केलं. मग सिंक सुरू. मोबाइलवर शोधलेलं सगळं तिच्या लॅपटॉपवर. अकरा तारखेला वर्गात 'गुणाकार' शोधायला मोठ्या पडद्यावर 'गु' टाइप केलं, तर खाली माझा गुडघा, वर कोपऱ्यात माझा फोटो. पोरांनी एका सुरात वाचला.
मी म्हणालो, तो मित्र आहे ना, त्याच्यासाठी. ती "हो बाबा" म्हणाली आणि माझं खातं काढून टाकलं. ऑपरेशन मात्र रद्द. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ जुलै
रंगुबाईनं तारीख घेतली. मी तत्त्व समजावलं. तिनं माझी पिशवी भरली.

२२ जुलै, सांगली, दवाखाना
डॉक्टरांना ठणकावून सांगितलं, भीती अजिबात नाही. रंगुबाई म्हणाली, "लय भित्यात. आपरेशनच्या खोलीच्या दारापतुर हात धरून येऊ का?" डॉक्टर म्हणाले, या. मी विरोध केला नाही. बायकांचं मन राखावं लागतं.

२३ जुलै
गुडघा नवा. शुद्ध व्यवस्थित. नोंद पूर्ण असावी म्हणून लिहितो: दारापाशी रंगुबाईनं हात सोडला होता. माझी बोटं नर्सनं एकेक करून सोडवली.