सहा तास कोरं पान

स्तुदेन व्हिर,
२७ डिसेंबर

प्रिय लाचेझार,

मावशीचा आशीर्वाद. इथे सगळे हिंडते-फिरते आहेत. तुझ्या आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती चूल सोडत नाही. नाताळच्या आदल्या दिवशी तिने पाठवलेली भात भरलेली कोबीची पानं मला एकटीला दोन दिवस पुरली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. कागदाला "नंतर बोलतो" म्हणता येत नाही.

तुमच्या धरण कंपनीची सूचना ग्रामकचेरीच्या दारावर लागली आहे. खाली तुझं नाव आहे. सहा जानेवारीला वेबसाइट नव्या जागी हलवणार, सकाळी आठ ते दुपारी दोन बंद राहील, आणि 'पाणी सोडण्याच्या वेळांसाठी वेबसाइट पाहावी.' दुकानात खूप हसले. सरपंच अस्पारुह म्हणाला, "दार बंद आहे, किल्ली आतच आहे!" मीही हसले. घरी येईपर्यंत हसू उरलं नाही.

सुटीचा दिवस, कोण बघतंय, असं राजधानीत, सोफिया शहरातल्या कचेरीत ठरलं असेल. पण तू इथला आहेस, लेकरा. त्या सकाळी पाद्री पुलावरून लाकडी क्रॉस नदीत टाकतात आणि तरणे गडी त्याच्यामागे उड्या घेतात, हे तुला मी सांगायचं? वर्षात त्या एकाच सकाळी अख्खं गाव नदीवर असतं. आणि त्याच सकाळी शहरात घरोघरी ओव्हन पेटतात, वीज लागते, म्हणून वरच्या धरणातून पाणी सुटतं. पाणी सुटण्याआधी वाजायचा तो भोंगा तर कंपनीने कधीच उतरवून नेला. आता वेळ कळते ती वेबसाइटच्या त्या पानावरच.

मी अस्पारुहला विचारलं, "पान कोरं दिसलं तर?"

"कोरं म्हणजे पाणी नाही, काकू. असतं तर लिहिलं नसतं का?"

"आणि लिहिणाऱ्यानेच पान मिटून ठेवलं असलं तर?"

"तू फार पुस्तकं वाचतेस. यंदा तूच मार उडी. तुझ्या धाकाने क्रॉस आपणहून हातात येईल."

वाचते खरी. आठवीनंतर शाळा सुटली, वाचन नाही सुटलं. वाचनालयातल्या नेव्हेनाने वेबसाइट हलवण्याच्या कामावरचं एक पुस्तक शहरातून मागवून दिलं. तीनदा वाचलं तेव्हा कळलं. चुकलं असेल तर सांग. जुन्या घरात दिवा जळत ठेवून नवं घर पूर्ण मांडायचं. जुना पत्ता यंत्रांनी किती वेळ लक्षात ठेवायचा, तो अवधी चार दिवस आधीच कमी करायचा, दोन दिवसांवरून पाच मिनिटांवर आणायचा. नवं पान तपासून घ्यायचं आणि मगच पत्ता बदलायचा. त्यानंतरही जुन्या दाराशी येणारा शेवटचा माणूस थांबेपर्यंत पाण्याची वेळ दोन्हीकडे सारखी लिहायची. असं केलं तर एक मिनिटही अंधार होत नाही.

हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मग सहा तास कशासाठी, याचा मी आठवडाभर विचार केला.

तू भितोस. दोन वर्षांपूर्वी वेबसाइट अशीच हलवताना तू जुनं पान चालू ठेवलंस आणि बदललेली वेळ फक्त नव्यावर लिहिलीस. आमच्या गावाला दिवसभर जुनंच दिसत राहिलं. म्हणून आता जुनं आधी मिटायचं, असं तू ठरवलंस.

त्या दिवशी तुझे दोब्रीकाका गिरणीच्या पाटाचं तोंड साफ करायला नदीत उतरले. निघताना त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, "पाणी चारला आहे. तीनपर्यंत येतो, सूप गरम ठेव." पाणी एक वाजताच आलं. फोन स्वयंपाकघरातच होता, ते पान तसंच उघडं. चौकशीच्या माणसांनी विचारलं, "वेळ पाहिली होती का त्यांनी?" तुझी आई माझा हात धरून उभी होती. तू फाटकाबाहेर होतास, आत येत नव्हतास. मी म्हटलं, "नाही. ते असेच. न बघता गेले."

गावात आजही म्हणतात, दोब्री निष्काळजीपणाने गेला. पोरांना त्यांचं उदाहरण देतात. मी ऐकून घेते.

तुझ्या आईने सांगू नको म्हटलंय, पण यंदा तुझा धाकटा भाऊ झाहारी उतरतोय. उडी साडेदहाला आहे. तिने त्याचे कोरडे कपडे आत्ताच चुलीजवळ काढून ठेवलेत.

तारीख बदल. बदलता येत नसेल तर दिवा विझवू नकोस.

प्रार्थनेनंतर पुलावर दोन शब्द बोलायला मी पाद्रींची परवानगी घेतली आहे. पान चालू असलं, तर पाण्याची वेळ वाचून दाखवीन आणि घरी जाईन. कोरं असलं, तर सांगीन की दोब्री वेळ पाहूनच उतरले होते, आणि ती कुणी चुकवली. ते ऐकून पोरं थांबतील की नाही, मला ठाऊक नाही. तुझी आई तिथेच उभी असेल.

तुझं बरंच चिंतणारी, पण आता खोटं न बोलणारी,
व्हेलिकामावशी