बाबांच्या दुखण्याला काय म्हणायचं

४ मार्च
बँकेतल्या साहेबांच्या सुटाचं कापड आज बाबांनी कापलं. कशासाठी? हाफपँटसाठी! दादाची शाळेतली हाफपँट — टेप न लावता, अगदी मापात. साहेब आ वासून बघतच राहिले. मीच नवं कापड आणून देते म्हणाले, हात जोडले. बाबा आपले खुशीत! "पोराची शाळा सुरू होईल ना आता." पोरगा पन्नाशीला टेकलाय.

५ मार्च
दादा आला. दुकान बंद कर म्हणे. "म्हातारचळ लागलाय त्यांना, दुसरं काय!"

डोक्यात तिडीकच गेली. म्हातारचळ म्हणजे समोरच्या काकांचा — सत्तरीत केस काळे केले, मोटरसायकल घेतली. काकू चारचौघांत म्हणायच्या, "ह्यांना म्हातारचळ लागलाय!" सगळे हसायचे, काकासुद्धा. त्यात माणूस मजा करून घेतो. बाबा कसली मजा करतायत? परवा शर्टाची बटणं लावता येईनात म्हणून रडले.

८ मार्च
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, स्मृतिभ्रंश. बाबांच्या समोरच. मला उलट हायसं वाटलं. आजार आहे, म्हणजे त्यांचा दोष नाही! दादाला फोनवर ठणकावून सांगितलं.

"नाव बदलून कापड सांधलं जातं का?" तो म्हणाला. "आधी कात्री काढून घे."

बोलायला काय जातंय! येऊन स्वतः काढून घे म्हणावं.

९ मार्च
कात्री लपवली. बाबा दिवसभर शोधत होते — मशीनखाली, कपाटात, स्वतःच्या खिशात. मी मान खाली घालून काजं करत बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी परत टेबलावर ठेवून दिली.

१२ मार्च
दमले.
कोणी विचारलं की सांगते, आजार आहे, स्मृतिभ्रंश. शेजारीण "अगंबाई!" म्हणाली आणि ब्लाउजचं कापड परत घेऊन गेली. शाळेच्या बाईंनीही नेलं. घाई नाही म्हणे.

१३ मार्च
दुकान उघडताना बाबांनी हात धरला. "गिऱ्हाइकाला आजारबिजार सांगू नकोस, बयो. आजाऱ्याच्या दुकानात कोण कापड टाकतं? म्हातारचळ लागलाय म्हण. हसतील, पण येतील."
मग कात्री माझ्याकडे सरकवली. "कापायचं मात्र तू."