तांबडा दोरा आणि हिरवं ॲश

रामघाट, काशी
कार्तिक पौर्णिमा, २७ नोव्हेंबर २०२३

चि. कस्तुरीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी अशी हरखले की तुझी नीरजाकाकू म्हणाली, सासूबाई, पणतू झाला का काय! अगं, साऱ्या इंग्लंडात ती ॲशची झाडं बुरशीनं शेंड्याकडून वाळतायत, आणि तुला एक भरल्या पानांचं सापडलं! त्याच्यापासून निरोगी रोपं करणार, म्हणजे माझी नात झाडांची सुईणच झाली की. आज पंचगंगा घाटावर ही गर्दी! नावेत पाय ठेवला, तर नावाडी वर मलाच म्हणतो, माताजी, वजन कम करो. असो. बिंदुमाधवाच्या पायाशी ठेवलेला तांबडा कलावा पाठवतेय. तो दोरा झाडाला बांध. एकट्या हिरव्याला दृष्ट लागते गं.

तुझ्या पत्रावर जीव लावून बसलेली,
आजी

डेव्हन, इंग्लंड
१७ जानेवारी २०२४

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा दोरा बांधला होता. इथे तोडायच्या झाडांना तांबडी पट्टी बांधतात, हे माहीत असून. वाटलं, एवढासा दोरा, कोण बघतंय? काल तोडणाऱ्यांनी बघितला. झाड पाडलं. चार वर्षं शोधत होते, आजी. ज्यांच्या हाताखाली काम करते त्या साहेबांना सांगितलेलं नाही. खोलीतच बसून आहे. सामान बांधून घरी यावंसं वाटतंय. चूक माझीच, तुझी नाही. टपालाइतका धीर नाही, म्हणून पत्राचा फोटो पाठवतेय.

तुझ्या मायेला आज जरा जास्तच मागणारी,
कस्तुरी

रामघाट, काशी
२० जानेवारी २०२४

चि. कस्तुरीस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर फार रागावले का गं? पण फोटो वाचला नि मला बसवेना. तुझ्या आजोबांनी वादळात पडलेल्या लंगडा जातीच्या आंब्याच्या काड्या ओल्या फडक्यात आणून कलमं बांधली होती. तू एवढी शिकलेली, आणि पाडलेलं झाड ओलं असताना रडत बसलीस! गेलीस ना शेवटी? चाळीस काड्या मिळाल्या म्हणालीस, तेव्हा मी गुडघ्यांसकट नाचले. साहेबांना सांगितलंस, बरं केलंस.

खरं सांगू? मला चैन नाही. दोरा मीच पाठवला. कलमं जगली का ते वसंतात कळणार, तोवर मी काय करू? भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालं. तो रोज विचारतो, मी रोज त्याच्यावर खेकसते.

घरी ये, पण काड्यांना टाकून येऊ नकोस. फुटल्या की मिरवत ये. आणि एकही नाही फुटली, तर त्याच दिवशी नीघ. मला विचारत बसू नकोस.

माया दोन्हीकडून चालू राहू दे.

तुझी,
आजी