पणजोबांची उडी

५ जानेवारी, धुळे
चुलतभाऊ संतोषभाऊंचा फोन. पारोळ्याच्या चौकात पणजोबांची स्मृतिशिला बसणार. जळगावला दगड घासून तयार आहे, मजकूर मी द्यायचा. "'समुद्रात उडी घेऊन वैमानिकांचे प्राण वाचवले', एवढं आलंच पाहिजे. बाकी तू सजव."

सजव!

नक्की माहीत असलेलं: पणजोबा, म्हणजे नाना, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या लाँचवर होते. विमान समुद्रात पडलं की ही लाँच माणसं उचलायला धावायची. नाना तिच्यावर इंजिनखोलीत खलाशी.

इंजिनखोलीतला माणूस उडी कुठून घेतो?

८ जाने., पारोळा
आबांकडे. नानांबद्दल विचारलं की आजोबांची पाठ ताठ होते. दिवाळीतल्या गोष्टीत दोन वैमानिक वाचले होते, आज पाच. एक गोरा तर नानांच्या गळ्यात पडून रडला. हा गोरा आजवर कुठे होता?

शाळेच्या आधी मला आबांनीच घरी लिहायला शिकवलं. ओळीवर बोट ठेवून विचारायचे, "पाहिलंस का? नाही? मग 'म्हणतात' असं लिही." आज मी विचारलं, "उडी कुणी पाहिली, आबा?"

"मोठी वकील झालीस! चहा पी, निवतोय."

दुखावले. पण नजर चुकवली, हेही खरं.

११ जाने.
सं.भाऊंनी लाँचचा फोटो पाठवला. हीच कशावरून? "अगं, सगळ्या सारख्याच दिसतात. उद्घाटनाला कोण नंबर वाचतंय?"

आता मला सगळ्यांचाच संशय. नाना लाँचवर होते तरी का? असं लिहिताना लाज वाटली. खोडलं नाही.

१५ जाने., साक्री
मुद्दाम अक्काकडे आले. आबांची थोरली बहीण, नानांची लाडकी. नाना पोहायचे कसे, एवढंच विचारलं. हसता हसता तिला ठसका लागला.

"पव्हता? नानाले? हिरनं पानी दिखनं की चक्कर ये त्यासले!"

विहिरीच्या पाण्यानेही चक्कर, म्हणजे उडी नाही. मनात 'सापडलं' असं आलं. मग अक्काच बोलू लागली. शेतातलं पाण्याचं इंजिन थांबलं की नाना असतील तिथून उठायचे, चुलीजवळची ऊन गोधडी घ्यायचे आणि दारात उभे राहायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. "बठ्ठा गाव हासे. तुना आबा तर शाळामाईन रडत ये, पोऱ्हे चिडायेत म्हनीसन."

का उभे राहायचे?

"लाँचवर तेच काम व्हतं त्यासनं. घोंगड्या इंजिनपान ऊन ठेवाना. इंजिन थांबनं म्हंजे वर कोनी तरी उना. घोंगडी वर देवानी."

वर आलेला जिवंत की मेलेला?

"खालतून कोठे दिखे, माय."



१७ जाने., धुळे
मजकूर केला: 'इंजिनखोलीतील खलाशी. समुद्रातून काढलेल्या माणसांसाठी ऊन घोंगडी घेऊन उभे राहत.' सं.भाऊंना फोनवर वाचून दाखवला.

"घोंगडी? दगडावर? आधी गाव हसला ते पुरलं नाही का? आबांना तरी विचार."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं. उडीची गोष्ट मग कुणाची? शाळेतून रडत आलेल्या मुलाची?

१९ जाने., पारोळा
आबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अक्काकडे गेली होतीस."

"हो."

"ती तरी कुठे होती लाँचवर? मग 'म्हणतात' लिही."

माझाच नियम माझ्यावर. म्हणजे त्यांचाच. 'असे म्हणतात' दगडावर कसं कोरायचं? आणि ते न लिहिता माझी ओळ उडीपेक्षा किती खरी? आज संध्याकाळपर्यंत एक काहीतरी कळवायचं आहे.

हे लिहीत असताना समोरची पिठाची गिरणी थांबली. आबांनी मांडीवरची शाल काढली, दोन्ही हातांवर घेतली आणि दाराकडे बघत बसले.

हे मी पाहिलं. मला दिसावं म्हणून केलं का, ते नाही कळलं. शाल अजून तशीच हातांवर आहे.